आधी वन्संनी पाहिलं

सवत असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या धरल्या असत्या, चार शिव्या हासडल्या असत्या, आणि वाड्यावरच्या बायकांनी माझी बाजू घेतली असती. पण सख्ख्या नणंदेवर जळणाऱ्या बाईची बाजू कोण घेणार? आणि जळायचं तेही कशावरून, तर दुखण्यावरून. काल तुमचं बारावं झालं. घरात अजून उदबत्तीचा वास आहे आणि मी रडायचं सोडून जनेलाशी, खिडकीच्या उजेडात बसून तुमच्याशी भांडायला घेतलंय. ऐका आता. जिवंतपणी तुम्ही माझं एकही भांडण पुरं होऊ दिलं नाहीत. डोक्यावरून विमान गेलं की "चला, गिऱ्हाईक उतरलं" म्हणून टॅक्सीची चावी उचलायचात आणि मोप्याच्या विमानतळावर पळायचात. आता कुठे पळाल?

सुरुवात त्या चवथीपासून करते, कारण माझ्या पोटातली आग तिथली आहे.

आदल्या दिवशी तुम्ही माटोळी बांधत होतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, तिला नारळाच्या पेंडी, सुपाऱ्यांचे घोस, रानातली फळं. तुम्ही नेहमीसारखे उघडेबंब, कमरेला पंचा, स्टुलावर चढलेले. कुंदावन्सं दर चवथीला नार्व्याहून फळांचं ओझं घेऊन सकाळच्या बसने यायच्या आणि संध्याकाळी आपल्या घरी परत. थोरल्या बहिणीने खालून फळ द्यायचं, भावाने वर बांधायचं, असा तुमचा लहानपणापासूनचा रिवाज. मी आत नेवऱ्यांचं सारण परतत होते. तुम्ही दोन्ही हात वर केलेत आणि वन्सं म्हणाल्या, "बाबल्या, हात तसोच वर धर बघू. ह्यां काय झालां रे तुका?"

"सीटबेल्ट घासता गो. दुसरां काय?"

"किती दिस झाले?"

"कोण जाणा. झाले असतील म्हयने."

वन्संनी हातातला घोस खाली ठेवला. मी कालथा घेऊन दारात आले, तेव्हा त्या तुमच्या उजव्या छातीवर दोन बोटं ठेवून उभ्या होत्या. बोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्याच्यामागे सुपारीएवढी गाठ होती. त्यांच्या बोटांना ती लगेच कळली. कळणारच, त्यांची स्वतःची एक छाती त्याच दुखण्यात गेली होती. सासूबाई त्यातच गेल्या. तुमच्या घरात ते बायकांचं दुखणं म्हणून सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही पुरुष म्हणजे सुटलेले, असं तुम्हीही धरून चाललात आणि आम्हीही.

अहो, बाईची छाती चोळीत, त्यावर पदर, तिला स्वतःलाही धड बघायला मिळत नाही. तुमची तर उन्हात वाळत असायची. विहिरीवर, माडावर, अंगणात, देवळात पालखी उचलताना. सगळ्या वाड्याने ती रोज पाहिली. आणि मी? अंगणवाडीत भिंतीवर चित्र लावून बायकांना शिकवते, आंघोळीच्या वेळी हात वर करा, बोटं अशी फिरवा, गाठ लागली तर लाजू नका. त्या चित्रात बाई आहे. माझ्या डोळ्यांनी बाप्या माणसाकडे त्या नजरेने बघितलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पण एक सांगते, आणि हे वन्संनाही ऐकवलंय. तुम्ही आधी मला सांगितलं होतंत. चवथीच्या कितीतरी आधी म्हणाला होतात, "पट्टो लागता गो हय." मी माझ्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा घेतला, आत कापूस भरला आणि सीटबेल्टाला खोळ शिवून दिली. निळी, पांढऱ्या टिपक्यांची. तुम्ही मोप्याच्या रांगेत सगळ्या टॅक्सीवाल्यांना ती दाखवलीत, "माझ्या बायलेन केलां" म्हणून. ती खोळ अजून गाडीत आहे. म्हणजे पहिली मीच होते, फक्त मी पट्ट्यावर इलाज केला.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला मी तुमच्याबरोबर आले होते, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मोठं इस्पितळ, त्या दालनात सगळ्या बायकाच. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेले. आतून एक परिचारिका आली, तुमचं आडनाव घेतलं, आणि माझा दंड धरून म्हणाली, "चला बाई, वरचे कपडे काढून ठेवा." मी म्हटलं, "अहो, मी नव्हे, हे." तिने तुमच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत माझ्याकडे. मागच्या बाकावरच्या दोघीजणी पदर तोंडाला लावून हसल्या. मला त्यांचा राग आला नाही, त्याही बिचाऱ्या घाबरलेल्याच होत्या. तुम्ही मात्र खालमानेने उठून आत गेलात. परत येताना गाडीत म्हणालात, "तू येव नको. लोक तुका पेशंट समजतत. माका बरां वाटणा नाय."

मी ते खरं मानलं. दुसऱ्या वेळेपासून वन्सं तुमच्याबरोबर. त्यांचीही तपासणी असायची, दोघांची तारीख एकच करून घेतलीत. बहीण-भाऊ एकाच दुखण्याचे, एकाच रांगेत. सकाळी तुम्ही डिचोलीवरून जाऊन नार्व्याला त्यांना घ्यायचात आणि दुपारी दोघं हसत परत यायचात. शर्टाला पातळ भाजीचा नि पावाचा वास. मी इथे तांदळाची पेज करून ठेवलेली, इस्पितळातून येणाऱ्या माणसाला हलकं काहीतरी हवं म्हणून, आणि तुम्ही ढेकर देत "जेवलों आमी" म्हणायचात. ती पेज मी कोंबड्यांना घालायची. सांगा, जळू नको तर काय करू?

आणि तुमचे ते विनोद. तिथली बाई वन्संना विचारायची पाळी कधी थांबली, अंगावर जातं का, मुलाला किती दिवस पाजलं. तुमची पाळी आली की तेच प्रश्नांचे कागद, आणि ती अर्धे गाळत गाळत खाली यायची. तुम्ही ओट्यावर बसून मला नक्कल करून दाखवायचात, "तुमका पाळी... नाय. तुमी पाजलां... नाय." वन्सं हसून हसून डोळे पुसायच्या. मीही हसायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, की त्या कागदावर पुरुषाला विचारायचा असा एकही प्रश्न नव्हता.

ऑपरेशन झालं आणि गोळी सुरू झाली. वन्संनी पूर्वी घेतलेली तीच. डॉक्टरीण भली होती, तिने समोर बसवून सांगितलं, "ही गोळी बायकांवर पारखलेली आहे. पुरुषांनाही देतो, उपयोगही होतो. पण पुरुषाच्या अंगात ती काय काय करते, हे आम्हालाही कमीच माहीत आहे, म्हणून होईल तो त्रास सांगायचा." हे मला वन्संकडूनच कळलं, हेही आलंच. तुम्ही काय उत्तर दिलंत? "त्रास काय नाय." पाच वर्षं घ्यायची होती ती.

मग तुम्हाला वाफा यायला लागल्या. मानेपासून कपाळापर्यंत लालबुंद व्हायचात, सदरा भिजायचा, अंगणात जाऊन उभे राहायचात. वन्सं आलेल्या असल्या की दोघांचा खेळ चालायचा. त्यांची गोळी थांबली तरी वाफा गेल्या नव्हत्या. "आयली गो माझी." "माझी पण रे." पुठ्ठा घेऊन एकमेकांना वारा घालायचात. मी मधे बसलेली, कोरडी. आता सांगते, मी कोरडी नव्हते. माझ्या वाफा तुमच्याआधी दोन उन्हाळे येऊन बसल्या होत्या. चुलीपुढे भाकऱ्या थापताना, अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना. मी पदराने मान पुसायची आणि पुढच्या कामाला लागायची. मला कोणी पुठ्ठ्याने वारा घातला नाही, कारण बाईला हे व्हायचंच असतं.

पण तुम्ही ओळखलंत. ती दुपार माझी आहे, ती मी वन्संना देणार नाही. वीज गेली होती, मी फणसाचे गरे काढत होते, आणि तुम्ही माझ्या कपाळाकडे बघत राहिलात. म्हणालात, "तुका पण असांच होतां काय गो?" मी म्हटलं, होतं. "कधीपासून?" मी सांगितलं. मग विहिरीवरून गार पाण्याची बाल्दी आणलीत, टॉवेल पिळून माझ्या मानेवर ठेवलात आणि म्हणालात, "माका झालां नसतां तर माका कळलांच नसतां." इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही माझ्या अंगाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. हाताला चीक लागलेला होता म्हणून मला तुम्हाला धरताही आलं नाही.

त्यानंतर तुम्ही बाहेर निजायला लागलात, सोप्यावर. "आत उकडता" म्हणालात. मला पटलं नाही. माणूस पाठ फिरवून निजतो तेव्हा बाईला सगळं कळतं, असं म्हणतात. मला भलतंच कळलं. वाटलं, तुमचं मन उडालं. विमानतळावर रोज शंभर तऱ्हेच्या बायका उतरतात, त्यातल्या कुणाचा तरी फोन येतो की काय, असंही मनात आलं. विचारलं नाही. मी फटकळ, साऱ्या गावाला माझी जीभ माहीत आहे, पण हे विचारायला ती उचलली नाही. तुम्हीही बोलला नाहीत. वन्सं आल्या की मात्र तुमचं विहिरीजवळ हळू आवाजात चालायचं, आणि मी भांडी जरा जास्तच आपटायची.

आणि मग एका पावसाळ्यात तुम्ही आपणहून आत आलात. उशी काखेत घेऊन, नव्या नवऱ्यासारखे लाजत. ते महिने मी काय सांगू? तुमच्या वाफा कमी झाल्या. तोंडावरची सूज उतरली. तुम्ही शीळ घालत गाडी धुवायचात. मला जत्रेतून बांगड्या आणल्यात, या वयात, हिरव्या. मी शेजारच्या बायकांना सांगत सुटले, आमच्यांना गोळी चांगली लागू पडली. सातेरीदेवीची ओटी भरली. मला वाटलं आपण जिंकलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाठ दुखायला लागली, ती गाडी चालवून दुखते म्हणालात. हाडात उतरलं होतं. मी शेक देत राहिले आणि तुम्ही जात राहिलात.

काल अंगणाच्या दगडी गडग्यावर पान वाढलं आणि कावळा येईना. माडावर चार बसलेले, खाली एक उतरेना. आपला ओंकार मुंडण केलेला, उघडा, ओला पंचा नेसून हात जोडून उभा. मी म्हटलं, तुमच्या पोराचं लग्न थाटात करीन. नाही. टॅक्सी विकणार नाही. नाही. रोज तुळशीला पाणी घालीन, तुमच्या कुत्र्याला माशाचं डोकं घालीन. काही नाही. ऊन डोक्यावर आलं, भटजी घाम पुसायला लागले. तेव्हा वन्सं पुढे झाल्या. पानाजवळ वाकून म्हणाल्या, "बाबल्या, आण सोडव. सांगतंय मी तिका." आणि कावळा आला. अहो, मेल्यावरसुद्धा तुम्ही तिचंच ऐकलंत.

मी वन्संचा हात धरून त्यांना रांधणीत नेलं आणि दार लावून घेतलं. "काय सांगायचं आहे मला?"

त्या चुलीजवळ खाली बसल्या. "सुमन, त्येणां गोळी सोडलेली. माका सातेरीची आण घातलेली, तुका सांगूचां नाय म्हणान."

"कधी?"

"गेल्याच्या गेल्या पावसात."

त्या पावसात तुम्ही उशी घेऊन आत आला होतात.

"मी पायां पडलंय त्येच्या," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टरणीक सांगूया म्हटलां, ती दुसरां कायतरी देयत. तो म्हणालो, बाईमाणसाक ह्यां कसां सांगू? म्हणालो, कुंदे, गोळी घेवन मी तिचो भाव झालंय, घोव रवाक नाय. सोडल्यार परत माणूस झालंय. आता तू रागावलंस तरी घेवचंय नाय."

ऐकलंत? माझ्या सगळ्यांत सुखाच्या दिवसांचं कारण त्या बाईला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मी हिरव्या बांगड्या मिरवत होते, तेव्हा ती माझ्याकडे बघून काय विचार करत असेल? मी ओटी भरायला गेले तेव्हा तीच माझ्याबरोबर होती. नारळ तिनेच माझ्या हातात दिला. माझ्या मनात आलं, हिचं थोबाड फोडावं. मी तसं म्हणालेही. वन्सं म्हणाल्या, "फोड." मग मात्र माझा हात उचलला नाही. आम्ही दोघी रांधणीत बसून राहिलो, बाहेर भटजींची जेवणं खोळंबली.

गोळी घेतली असती तरी ते परत आलं असतं की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरणीनेही शेवटी तेच सांगितलं होतं, घेणाऱ्यांनाही येतं कधी कधी. म्हणून मी तुम्हाला तो दोष देत नाही. माझा राग वेगळा आहे. मला विचारायचं होतंत. एकदा. मी म्हटलं असतं, पाच वर्षं सोप्यावर निजा, दहा वर्षं निजा, मी उंबऱ्याच्या आत पथारी घालीन आणि मधे दार उघडं ठेवीन. भाऊ तर भाऊ, घरात असा. तुम्ही ठरवून टाकलंत की मला काय हवं, आणि विचारलंत कुणाला, तर बहिणीला. बायकोसाठी एवढं केलंत ते बायकोपासूनच लपवून. याचे आभार मानू की याच्यावर भांडू, हे मला अजून ठरवता येत नाही. आज भांडते. आभारांचं उद्या बघू.

आणि खरं सांगू, ते महिने परत दिले तर मी नको म्हणेन का, हेही मला माहीत नाही. एवढ्यासाठी मी तुम्हाला जास्तच शिव्या घालते.

जेवणं आटपल्यावर वन्संनी आणखी एक सांगितलं. डॉक्टरीण त्यांना मागे म्हणाली होती, की हे रक्तातून उतरू शकतं, बापाकडूनही, आणि मुलीलाच असं नाही, मुलालाही. ओंकारची रक्ताची तपासणी करून घ्या. हेही तिला आधी माहीत. मी उठून मागच्या दारी गेले.

ओंकार विहिरीवर आंघोळ करत होता. डोकं तुळतुळीत, खांदे अगदी तुमचे. त्याने बाल्दी अंगावर रिकामी केली आणि पंचाने तोंड पुसायला लागला.

मी म्हटलं, "हात वर धर."

"कशाक?"

"वर धर म्हणते ना."

त्याला समजलं तसा तो मागे सरकला. "आई, काय ह्यां? मी काय बाईमाणूस?"

"तुझो बापूस तरी बाईमाणूस खंय होतो?"

मग त्याने दोन्ही हात वर केले, तुम्ही माटोळीला करायचात तसे. मी चित्रात शिकवते तशी बोटं फिरवली, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग काखेत. त्याला गुदगुल्या होत होत्या आणि तो रडत होता. काही लागलं नाही. मी परत पहिल्यापासून सुरू केलं.

वन्सं मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. एक पाऊल पुढे आल्या, आणि मी मान न वळवता म्हटलं, "थांबा वन्सं. आधी माझं होऊ दे. मग तुम्ही बघा."